फोटो किती वाजता काढला?

फुलाचा फोटो पाठवून कुणी नाव विचारलं, की झाडांची नावं ठरवणारी आम्ही मंडळी आधी उलट चौकशी करतो. कुठे दिसलं, कुंडीतलं की रानातलं, पानाची मागची बाजू दाखवता का. गुलाबी इनोथेराच्या बाबतीत मात्र पहिला प्रश्न ठरलेला असतो: फोटो किती वाजता काढला? समोरच्याला ही नसती उठाठेव वाटते. पण या फुलांच्या पाकळ्या वेळेनुसार रंग बदलतात, आणि वेळ कळली नाही तर ओळख पहिल्याच पायरीवर घसरते.

म्हैसूरच्या बन्नीमंटपात राहणाऱ्या एका ओळखीच्या मराठी काकूंनी असाच एक फोटो पाठवला होता. गच्चीवरची कुंडी, चार रुंद पाकळ्यांचं फिकं गुलाबी फूल, पाकळ्यांवर गडद गुलाबी शिरांची जाळी. रोपवाटिकेतून आणताना कुंडीत खोचलेली प्लॅस्टिकची पट्टी तशीच होती आणि तिच्यावर 'इनोथेरा रोझिया' असं छापलेलं होतं. शेजारणीनं मात्र ठामपणे 'संजे मल्लिगे' सांगितलं होतं. हे कुणाकडून तरी ऐकलं होतं तिनं, की हे संध्याकाळी फुलणाऱ्या फुलांपैकी आहे. कन्नडमधली संजे मल्लिगे म्हणजे आपली गुलबक्षी, आणि गुलबक्षीचं घराणंच वेगळं. म्हणजे एका कुंडीला दोन नावं मिळाली होती आणि काकूंना त्यातलं खरं कोणतं ते हवं होतं.

"सकाळी सातला काढलाय गं," काकू म्हणाल्या. "पहाटे उमलतं. तू म्हणतेस तसं संध्याकाळी वगैरे काही नाही."

या एका वाक्यानं एक उमेदवार जवळजवळ बाद झाला. तो कसा, ते सांगते. त्याआधी बन्नीमंटपाबद्दल थोडं, कारण झाडाच्या ओळखीचा प्रश्न या जागेला नवा नाही.

विजयादशमीला राजवाड्यातून निघालेली जंबू सवारी साधारण पाच किलोमीटर चालून इथे येऊन थांबते आणि संध्याकाळी इथल्याच मैदानावर मशालींची कवायत होते. मिरवणुकीचा मोठा टप्पा ज्या रस्त्यानं जातो त्याला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचं नाव आहे, हे महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्यांना मी नेहमी मुद्दाम सांगते. बन्नी म्हणजे शमी. पांडवांनी अज्ञातवासात शस्त्रं ठेवली ती शमीवर, म्हणून इथे पूजा शमीची. आपल्याकडे त्याच दिवशी सोनं म्हणून आपटा वाटतात आणि बाजारात आपट्याच्या नावाखाली कांचनाच्या फांद्याच्या फांद्या येतात. दोन्ही पानं जोडपानासारखी दुभंगलेली, त्यामुळे घेणारा फसतो. आपट्याचं पान लहान, जाड आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त असतं, कांचनाचं मोठं आणि पातळ. एवढं पाहायची सवय लागली तर कितीतरी कांचनाची झाडं दरवर्षी ओरबाडली जायची वाचतील. ओळख ही माझ्यासाठी हौसेची बाब कधीच नव्हती, ती अशा ठिकाणी झाडाच्या जिवावर येते.

आता काकूंच्या फुलाकडे. इनोथेराच्या बहुतेक जातींची फुलं पिवळी असतात. गुलाबी म्हणून जी नावं भारतातल्या बागांत आणि थंड हवेच्या ठिकाणी कानावर पडतात ती मुख्यतः तीन: रोझिया, स्पेसिओसा आणि टेट्राप्टेरा. तिन्ही मूळच्या अमेरिका खंडातल्या. रोझिया आणि टेट्राप्टेरा निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांवर केव्हाच रानोमाळ झाल्या आहेत. उटी-कोडाईला रस्त्याच्या कडेला, दगडी भिंतींच्या फटीत त्या दिसतात. यातली टेट्राप्टेरा खरं तर गुलाबी नाहीच. ती सूर्यास्ताच्या सुमारास पांढरीशुभ्र उमलते आणि दुसऱ्या दिवशी कोमेजताना गुलाबी होते. सकाळी फिरायला निघालेला माणूस तिचा फोटो काढतो तेव्हा समोर गुलाबी फूल असतं, आणि तो ते प्रामाणिकपणे गुलाबी म्हणूनच पाठवतो. वनस्पतिसंग्रहातही हीच गंमत होते. नमुना वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून, कागद रोज बदलत वाळवला, तरी पाकळीचा मूळ रंग टिकेल याची खात्री नसते. पांढरी टेट्राप्टेरा वाळून गुलाबी होते, गुलाबी रोझिया वाळून फिकट पडते. म्हणून जुन्या चांगल्या संग्राहकांनी चिठ्ठीवर रंग आणि वेळ तिथल्या तिथे, उभ्या उभ्या लिहिलेली असते. असा नमुना हातात आला की त्या अनोळखी माणसाला मनोमन नमस्कार केल्याशिवाय मी पुढे जात नाही.

काकूंचं फूल पहाटे उमलत होतं आणि उमलतानाच गुलाबी होतं. उरल्या रोझिया आणि स्पेसिओसा. त्यांच्यातला निवाडा फोटोवरून करायचा नाही असं मी ठरवलं आणि भिंग, ब्लेड आणि पट्टी घेऊन बन्नीमंटप गाठलं.

एक फूल काकूंनी स्वतः खुडून दिलं. ते मी उभं चिरलं. पाकळीखाली जो लांब देठ दिसतो तो सगळा देठ नसतो, हे इथे पहिल्यांदा कळतं. वरचा भाग पोकळ नळी असते, तिच्या तळाशी मध असतो, आणि नळीच्याही खाली बीजांडकोश. म्हणजे या कुळात फळ धरायची जागा फुलाच्या पोटात नसून फुलाच्या खाली असते. आठ पुंकेसर, आणि मधोमध एक लांब दांडी, तिच्या टोकाला चार फाट्यांची कुक्षी, अगदी अधिकचिन्हासारखी. ती चौफुली दिसली की इनोथेरा म्हणायला हरकत नाही. मग सुईचं टोक मी परागकोशाला लावलं आणि हळूच वर उचललं. पराग सुटे न पडता बारीक धाग्यांना लगडून एकापाठोपाठ एक बाहेर आले, साखरेच्या पाकाला तार यावी तसे. "अय्या, हे ओढलं जातंय!" काकू भिंगावर वाकून म्हणाल्या. इनोथेराच्या साऱ्या कुळाची ही खूण आहे. आपल्या ओढ्याकाठची, भातखाचरातली पिवळी पाणलवंग याच कुळातली. महाराष्ट्रातल्या वाचकाला इनोथेराचे नातेवाईक बघायचे असतील तर फार लांब जायला नको.

निवाडा मात्र पट्टीनं केला. रोझियाची पाकळी फार तर सेंटिमीटरभर, बहुधा त्याहूनही लहान. काकूंच्या फुलाची पाकळी तीन सेंटिमीटरांच्या पुढे गेली. रोझियात कुक्षी परागकोशांच्या घोळक्यातच बसलेली असते, इथे ती पुंकेसरांच्या वर स्पष्ट बाहेर आलेली. न उमललेल्या कळ्याही माना खाली घालून होत्या. ही स्पेसिओसाची लक्षणं. पट्टीवर छापलेलं नाव चुकीचं होतं.

"हौदा?" काकू म्हणाल्या. त्यांच्या मराठीत आश्चर्य नेहमी कन्नडमध्ये उमटतं. "मग त्यांनी रोझिया का छापलं?"

ही चूक कुणा एका रोपवाटिकेची नाही. स्पेसिओसाच्या गुलाबी रोपांना बागकामाच्या व्यवहारात 'स्पेसिओसा रोझिया' म्हणायची पद्धत पडली. छोट्या पट्टीवर तीन शब्द मावत नाहीत, मधला गळतो, आणि उरतं 'इनोथेरा रोझिया'. ते तर एका वेगळ्याच, खऱ्याखुऱ्या जातीचं नाव. एक शब्द गळला आणि झाड दुसऱ्याच जातीत जमा झालं. अशा पट्ट्या मग रोपांबरोबर गावोगाव जातात आणि लोक त्याच नावानं फोटो ठेवतात.

नावांच्या मागची माणसं मला नेहमी पाकळ्यांपेक्षा जास्त खेचतात, आणि रोझिया या नावामागे तर एक पूर्ण नाटक आहे.

ते नाव छापलं गेलं १७८९ साली, लंडनजवळच्या क्यू बागेतल्या झाडांच्या 'हॉर्टस क्यूएन्सिस' या तीन खंडांच्या ग्रंथात. मुखपृष्ठावर नाव बागेचा प्रमुख माळी विल्यम एटन याचं. आतली वनस्पतिशास्त्राची बरीचशी मेहनत मात्र दोन स्वीडिश माणसांची, आधी डॅनियल सोलँडर आणि तो १७८२ साली वारल्यावर जोनास ड्रायँडर. दोघंही निसर्गअभ्यासक जोसेफ बँक्सच्या संग्रहावर काम करणारे. पण रोझिया हे नाव या तिघांपैकी कुणाचंच नाही. ते शार्ल लुई लेरितिए या फ्रेंच न्यायाधीशाचं. शास्त्रीय लेखनात आजही या जातीपुढे 'लेरितिए एक्स एटन' लिहितात: नाव सुचवलं लेरितिएनं, छापून प्रसिद्ध केलं एटनच्या ग्रंथानं.

न्यायाधीश लंडनला कसा पोचला, त्याची हकिगत अशी. जोसेफ दोंबे हा फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ रुईझ आणि पावोन या स्पॅनिश सहकाऱ्यांबरोबर पेरूला गेला होता. १७८५ साली तो परतला तेव्हा कादिझ बंदरात स्पॅनिश अधिकाऱ्यांनी त्याच्या संग्रहातला मोठा वाटा ठेवून घेतला, आणि सहकारी परत येईपर्यंत काही छापणार नाही असं वचनही घेतलं. उरलेलं हर्बेरियम पॅरिसला आलं आणि ते छापण्यासाठी लेरितिएच्या हाती पडलं. स्पेननं तक्रार केली, फ्रेंच दरबारानं काम थांबवून नमुने परत घ्यायचं ठरवलं. ही कुणकुण लागताच लेरितिएनं रातोरात पेट्या भरल्या आणि १७८६ साली नमुन्यांसकट थेट लंडन गाठलं. तिथे तो सव्वा वर्ष राहिला. चित्रं काढायला त्यानं पिएर जोसेफ रदूते या तरुण चित्रकारालाही बोलावून घेतलं. गुलाबांच्या चित्रांसाठी पुढे जगभर नावाजला गेला तोच हा रदूते.

गंमत अशी, की ज्या पेरूच्या वनस्पतींसाठी एवढी पळापळ केली तो ग्रंथ लेरितिएच्या हातून पुरा झालाच नाही. पण लंडनच्या त्या मुक्कामात क्यूच्या बागेतली आणि बँक्सच्या कपाटांतली झाडं बघून त्यानं जी नावं दिली ती जगभर रुजली. ज्या झाडाला आपण नीलगिरी म्हणतो त्याचं युकॅलिप्टस हे प्रजातीनाव त्याचंच. बाल्कनीतल्या कुंडीत ज्याला आपण जिरेनियम म्हणतो त्याला पेलार्गोनियम या वेगळ्या घरात नेलं तेही त्यानंच. आज उटीच्या चढावर नीलगिरीच्या झाडांखाली रोझियाचं गुलाबी ठिपक्यासारखं फूल दिसतं तेव्हा झाड आणि गवतातलं फूल, दोघांचीही नावं त्या एकाच परागंदा न्यायाधीशाकडून आलेली असतात.

लेरितिए आणि दोंबे, दोघांचाही शेवट वाईट झाला. लेरितिएचा ऑगस्ट १८०० मध्ये पॅरिसमध्ये स्वतःच्या घराजवळ खून झाला आणि मारेकरी कधीच सापडला नाही. दोंबेला त्याआधी फ्रान्सच्या क्रांतिकारी सरकारनं नव्या मीटरचे आणि किलोग्रॅमचे नमुने घेऊन अमेरिकेला पाठवलं होतं. वादळात जहाज भरकटलं, चाच्यांनी त्याला पकडलं आणि १७९४ साली माँटसेरात बेटावर कैदेत तो वारला. संग्रह करणारा, नाव देणारा, वर्णन लिहिणारा आणि ज्याच्या नावावर पुस्तक निघालं तो, असे सगळे निरनिराळे. आपण मात्र पट्टीवरची दोन अक्षरं वाचून पुढे जातो.

स्पेसिओसाचं नाव टॉमस नटलचं. यॉर्कशायरचा हा छापखान्यातला कामगार झाडांच्या वेडापायी अमेरिकेत गेला. १८१८ साली आलेल्या स्वतःच्या ग्रंथाचे खिळे त्यानं बऱ्याच अंशी स्वतःच्या हातानं जुळवले होते असं सांगतात. १८१९ मध्ये तो आर्कान्सा नदीच्या मुलखात गेला, तिथे तापानं मरता मरता वाचला आणि जगला तेव्हा बिया घेऊन परतला. १८२१ साली त्यानं स्पेसिओसाचं वर्णन प्रसिद्ध केलं ते फिलाडेल्फियाच्या बागांत नव्यानं आलेल्या आर्कान्सा मुलखातल्या झाडांवरच्या निबंधात. त्या भागात ही जात बहुतेक पांढरी फुलते आणि संध्याकाळी उमलते. दक्षिणेकडे, टेक्सासच्या बाजूला, ती गुलाबी होत जाते आणि पहाटे उमलू लागते. काकूंच्या कुंडीतलं रोप गुलाबी आणि पहाटेचं, हे त्या दक्षिणेकडच्या घराण्याशी जुळतं.

या गुलाबी घराण्याला मधल्या काळात एक वेगळं नाव होतं, 'बर्लांदिएरी'. जाँ लुई बर्लांदिए हा जिनिव्हात द कांदोल या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकलेला तरुण मेक्सिकोच्या सरहद्द आयोगाबरोबर टेक्सासमध्ये झाडं गोळा करत फिरला, पुढे मेक्सिकोतल्या मातामोरोसला स्थायिक झाला आणि १८५१ मध्ये नदी ओलांडताना बुडून गेला. त्याच्या नावाची ही जात पुढे स्पेसिओसाचाच एक रंगभेद ठरली आणि नाव पुसलं गेलं. रोपांच्या व्यापारात मात्र ते अजून अधूनमधून डोकावतं. पुसलेली नावं पट्ट्यांवर अशी फार काळ जगतात, आणि बर्लांदिएच्या बाबतीत मला त्याचं वाईट वाटत नाही.

उलटही होतं. वॅग्नर, हॉक आणि पीटर रेव्हन यांनी २००७ साली या कुळाची फेरमांडणी केली तेव्हा गौरा ही अख्खी प्रजाती इनोथेरात विलीन झाली. कुंड्यांतून जी गुलाबी-पांढरी, फुलपाखरासारखी फुलं वाऱ्यावर नाचतात ती गौरा आता शास्त्राच्या दृष्टीनं इनोथेरा लिंढायमेरी आहे. म्हणजे 'गुलाबी इनोथेरा' म्हटलं की एका बैठकीत चौथा उमेदवारही दाराशी उभा राहिला. तिच्या पाकळ्या वरच्या बाजूला सरकलेल्या असतात, त्यामुळे घोटाळा होत नाही एवढंच बरं.

काकूंच्या कुंडीत आणखी एक पुरावा होता, आणि तो न दिसणारा होता. कितीतरी फुलं येऊन गळून गेली होती, पण एकही बोंड धरलेलं नव्हतं. "आमच्याकडे काही पोषणच कमी पडतं का?" असं काकूंना वाटत होतं. तसं नव्हतं. स्पेसिओसा स्वतःच्या परागानं फळत नाही. रोपवाटिकेत मुळांचे तुकडे लावून एकाच रोपाची शेकडो रोपं केलेली असतात, ती सगळी एकच जीव, त्यामुळे शेजारी दहा कुंड्या ठेवल्या तरी बी धरत नाही. जमिनीखालून धुमारे मात्र ती भराभर पसरवते, म्हणून अंगणात लावण्याआधी विचार करावा.

रोझियाचं वागणं याच्या नेमकं विरुद्ध. ती आपली आपणच फळते आणि तिच्या पेशींत एक विलक्षण प्रकार चालतो. याच प्रजातीतल्या दुसऱ्या एका पिवळ्या जातीवरून ह्यूगो द फ्रीस या डच वनस्पतिशास्त्रज्ञानं १८८६ पासून हिल्व्हर्समच्या पडीक बटाट्याच्या शेतात निरीक्षणं केली आणि १९०१ ते १९०३ या काळात उत्परिवर्तनाचा सिद्धांत मांडला. पुढच्या पिढीला कळलं, की त्यानं पाहिलेल्या बहुतेक 'नव्या जाती' म्हणजे गुणसूत्रांच्या अदलाबदलीचा खेळ होता. रोझियात तर चौदाच्या चौदा गुणसूत्रं विभाजनाच्या वेळी एका कड्यात गुंफली जातात. त्यामुळे बियांतून येणारं रोप जवळपास आईचंच रूप घेऊन येतं. पेरूपासून निलगिरीपर्यंत ती इतकी सारखी का दिसते, त्याचं एक कारण हे.

म्हैसुरात बाहेरची झाडं आली ती वाऱ्यानं नाही, माणसांच्या हातांनी. क्यूमध्ये शिकलेल्या गुस्ताफ हर्मान क्रुंबिगेल या जर्मन उद्यानतज्ज्ञाला १८९३ साली सयाजीरावांनी बडोद्यात घेतलं. १९०८ च्या सुमारास तो म्हैसूर संस्थानात आला आणि १९३२ पर्यंत लालबागेसह इथल्या बागांची घडी त्यानं बसवली. बंगळूर-म्हैसुरात आज हौसेनं कुंडी लावणारा प्रत्येक माणूस थोडाफार त्याचा वारस आहे. रानातल्या झाडांसाठी आमच्या हाताशी राव आणि रझी यांचा १९८१ चा म्हैसूर जिल्ह्याचा वनस्पतिकोश असतो. निलगिरी-पळणीकडे जायचं तर फायसनचे ग्रंथ. त्यांतली रेखाटनं बरीचशी मिसेस फायसन आणि लेडी बोर्न या दोघींनी केलेली आहेत. डोंगरावर बसून, फूल कोमेजायच्या आत कुक्षीचे फाटे मोजून काढलेल्या त्या रेषांना आजच्या कॅमेऱ्याचा पर्याय नाही असं माझं ठाम मत आहे. कॅमेरा जे दिसतं ते सगळं घेतो, चित्रकारानं काय बघायचं ते आधी ठरवलेलं असतं.

काकूंच्या परवानगीनं एक फांदी दाबून वाळवली. चिठ्ठीवर लिहिलं: इनोथेरा स्पेसिओसा, नटल. बन्नीमंटप, म्हैसूर. फूल उमलताना फिकं गुलाबी, गडद शिरा, पहाटे उमलतं, बोंड नाही. बागेतलं विशिष्ट वाणाचं नाव मी लिहिलं नाही, कारण रोपवाटिकेकडे ते रोप कुठून आलं याचा काहीच कागद नव्हता आणि नुसत्या रंगावरून वाण ठरवणं बरोबर नाही. शेवटच्या ओळीत मात्र मी ठळक अक्षरांत लिहिलं: 'गच्चीवरच्या कुंडीतलं, लावलेलं.' ही ओळ लिहायची राहून गेली तर पन्नास वर्षांनी कुणीतरी तो नमुना उघडून, बन्नीमंटपात ही जात रानात वाढत होती अशी नोंद करून बसेल. काकूंनी कुंडीतली जुनी पट्टी काढून तिच्या पाठीवर नवं नाव लिहून मागितलं, देवनागरीत आणि कन्नडमध्ये. शेजारीण रोज गच्चीवर येते, तिला वाचता यायला हवं, म्हणाल्या.